भाग दुसरा, माणूस तोच

दादा कोंडक्यांचे सिनेमे म्हणजे एकाच सिनेमाच्या पुन्हापुन्हा काढलेल्या नकला, असं म्हणणारी सुशिक्षित मंडळी आमच्या किकवीतही आहेत. भोर तालुक्यात राहून हे म्हणायचं म्हणजे जेजुरीत राहून भंडाऱ्याने शर्ट खराब होतो अशी तक्रार करण्यापैकी आहे. कारण दादांच्या घराण्याचं मूळ गाव इंगवली, म्हणजे आमच्या भोरकडचंच. पण ते राहू द्या. मी भांडतोय तो गाववाला म्हणून नव्हे, तत्त्वासाठी. (आम्ही बँकेतले लोक तत्त्वासाठी भांडतो तेव्हा फरक बहुधा साडेतीन रुपयांचा असतो, ही गोष्ट वेगळी.)

१९७१ साली 'सोंगाड्या' आला. त्यातला नाम्या भोळा, तमाशाचा नादी आणि आईच्या धाकातला. दादरच्या कोहिनूर थिएटरात त्याच्याऐवजी देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लागायची वेळ आली, तेव्हा शिवसेनेला मध्ये पडावं लागलं. पुढच्या वर्षी 'एकटा जीव सदाशिव', १९७५ ला 'पांडू हवालदार'. नाव बदललं, अंगात वर्दीसुद्धा आली, पण माणूस तोच! पडद्यावरची 'आये' म्हणजे बहुतेक वेळा रत्नमालाबाईच. हे सगळे एकमेकांचे पुढचे भागच होते हो, फक्त नावापुढे आकडा नव्हता. अशा नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. लोक पंचवीस-पंचवीस आठवडे 'तेच ते' बघायलाच जात होते.

आता हल्लीचे आकडेवाले भाग बघा. 'दे धक्का' २००८ चा. त्यातलं कुटुंब खटारा गाडी ढकलत निघालं होतं. २०२२ च्या दुसऱ्या भागात ते थेट लंडनला! 'नवरा माझा नवसाचा' एस.टी.त घडला, २०२४ चा दुसरा भाग कोकण रेल्वेत. 'झपाटलेला' १९९३ चा, त्याचा दुसरा भाग २०१३ ला आला तो थ्रीडी चष्मा लावून. वाहन सुधारलं म्हणजे गोष्ट पुढे गेली, अशी काहीतरी समजूत दिसते. आम्ही खेड-शिवापूरचा टोल भरून पुण्याला जायचं आणि बघायचं काय, तर त्यांचा प्रवास!

यापेक्षा तो अमेरिकेतला केव्हिन स्मिथ बरा. त्याचा 'क्लार्क्स' १९९४ चा. नाव वाचून मी कर्तव्यभावनेने पाहिला. दुकानातले दोन कारकून दिवसभर चावट बोलतात आणि गिऱ्हाईकांचा अपमान करतात. २००६ च्या दुसऱ्या भागात दुकान जळतं, दोघे बर्गरच्या गल्ल्यावर जातात, आणि शेवटी पुन्हा त्याच दुकानात हजर! स्मिथ स्वतः त्या दुकानात नोकरीला होता. आमचे दादाही आधी अपना बाजारात नोकरीला होते. गल्ल्यामागे उभा राहिलेला माणूस ओळखतो की आळशी मनुष्य एवढ्यातेवढ्याने सुधारत नसतो.

मध्यमवर्गाला नेमकं हेच सोसत नाही. आपल्याला प्रत्येकाची प्रगती हवी असते. बदली नको म्हणून प्रमोशन नाकारणाऱ्या कारकुनाकडे लोक कसे बघतात ते मला विचारा. घरी प्रगतिपुस्तक, ऑफिसात टार्गेट. निदान तिकीट काढून बसल्यावर तरी एक मनुष्य असा दिसू द्या की जो मध्यंतरानंतरही कुठल्याच कामाचा नाही.

'पण तो चावटपणा?' होता. काही ठिकाणी जास्त होता. दादांचे हिंदी सिनेमे, १९८६ चा 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' धरून, मलाही आवडत नाहीत. त्यातला निम्मा विनोद नावातच खर्च झालाय. पण ते फसले ते 'तेच ते' केल्यामुळे नव्हे. माणूस आपली बोली सोडून परक्या भाषेत गेला, म्हणून फसले. मराठीत जो द्वयर्थी होता, तो हिंदीत एकाच अर्थाचा उरला, आणि तोही नको तो!

तेव्हा उद्या कुणाच्या डोक्यात 'सोंगाड्या २' आलाच, तर आमची एवढीच विनंती. नाम्याला मोबाइल द्या, पण नोकरी देऊ नका. आणि लंडनला तर अजिबात नेऊ नका. फार तर कापूरहोळपर्यंत न्या.