शेजारधर्माने पाणी पुरत नाही

१/
उन्हाळा लागला, सोसायटीच्या टाकीत पाणी कमी पडू लागले, की एक जुने वाक्य हमखास ऐकू येते : “पूर्वी माणसे शेजारधर्म पाळीत, पाणी वाटून घेत, आता जो तो आपल्यापुरता.” बागेतली जागा, गच्ची, सामायिक नळ, जिन्यातली वीज, प्रत्येक वादावर हाच उतारा. महाराष्ट्राचा इतिहास मात्र या वाक्याच्या बाजूने साक्ष देत नाही.

२/
आधी भाषेचीच साक्ष घ्यावी. ज्या चाळींच्या आठवणी इतक्या गोड करून सांगितल्या जातात, त्याच चाळींत ‘नळावरची भांडणे’ हा शब्दप्रयोग रुळला. जुन्या खरेदीखतांत विहिरीतला ‘चार आणे हिस्सा’ नोंदवलेला आढळतो. पाण्याची ‘पाळी’ ठरलेली असते. केवळ सद्भावनेवर भागत असते, तर आण्यांचा हिशेब कागदावर कोणी मांडला असता?

३/
न्याय्य वाटणीला दोन गोष्टी लागतात. पहिली, काटेकोर नियम. दुसरी, ‘शेजारी’ कोणाला म्हणायचे या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर. पहिलीचा उत्तम नमुना खानदेशाने घालून दिला. दुसरीची किंमत महाडमध्ये मोजावी लागली.

४/
प्रथम खानदेश. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी, आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, फड पद्धतीचे सिंचन शेकडो वर्षे चालले. नदीवर दगडी बंधारा. बंधाऱ्यातून निघणारा पाट. पाटाखाली भिजणारे क्षेत्र म्हणजे ‘थळ’. आणि थळाचे पाडलेले मोठे भाग म्हणजे ‘फड’.

५/
एका फडात एका हंगामात एकच पीक. एका फडात ऊस असेल, तर दुसऱ्यात हंगामी पीक; पुढे पिकांची फेरपालट. कोणत्या फडात काय लावायचे हे एकटा शेतकरी ठरवीत नसे, सर्वांनी मिळून ठरे. ज्याला जास्त पाण्याचे पीक हवे, त्याने शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढावे, ही वाटच मुळात बंद केलेली होती.

६/
याहून मोलाची रचना जमिनीच्या विखुरणीत होती. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसून निरनिराळ्या फडांत तुकड्यातुकड्यांनी असे. पाऊस कमी झालेल्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर ती झळ एकट्यादुकट्याला न बसता सर्वांना थोडीथोडी बसे. कोणाचे तरी पूर्ण वाटोळे आणि कोणाची तरी पूर्ण चंगळ, असा निकाल लागत नसे.

७/
आणि सर्वांत धारदार नियम : शेताचा मालक स्वतः पाणी घेत नसे. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. त्यांचा मोबदला धान्याच्या रूपाने लाभधारकांकडून येई. हंगामाआधी पाटातला गाळ काढण्यासाठी प्रत्येकाला आपल्या वाट्याचे श्रम द्यावे लागत.

८/
मालकाच्या हातातून पाणी काढून घेण्यामागे माणसाच्या स्वभावाची अचूक पारख होती. पाटाच्या तोंडाशी असलेल्याला पाणी आधी मिळते, शेवटच्या शेताला उरलेसुरले. तोंडाशी बसलेला माणूस सज्जन असेल, या भरवशावर शेवटच्या माणसाचे पीक सोडायचे नसते. फड पद्धतीने शेजाऱ्याच्या चांगुलपणाची परीक्षा घेतलीच नाही. तिने मोहाची संधीच काढून घेतली.

९/
१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाचा एक निबंध गाजला. सामायिक कुरण असले की प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवत जातो आणि अखेर कुरणच संपते, हा त्याचा युक्तिवाद. ‘सामायिक म्हणजे बेवारस’ असे म्हणणाऱ्यांना आजही त्याचाच आधार असतो. पण हार्डिनच्या कुरणाला ना पाटकरी होता, ना पंच. ते कुरण मालकीने सामायिक नव्हतेच. ते नियमांनी अनाथ होते.

१०/
एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्पेनपासून नेपाळपर्यंतच्या अशा सामायिक व्यवस्थांचा अभ्यास करून हीच उणीव दाखवली. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात पाटपाण्याचे तंटे सोडवणारे शेतकऱ्यांचे न्यायासन आजही दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दाराशी बसते. खानदेशचा पाटकरी आणि व्हॅलेन्सियाचे पंच यांची कधी भेट झाली नाही; दोघांना कळलेली गोष्ट मात्र एकच.

११/
इथवर वाचून कोणी म्हणेल : म्हणजे जुना काळ न्यायाचाच होता! इथेच थांबायला हवे. फडातली समता थळाच्या सीमेपर्यंत होती. पाण्यातला वाटा जमिनीला चिकटलेला. ज्याच्या नावावर थळात जमीन नाही, त्याचे नाव वाटणीतही नाही. नियम कितीही चोख असला, तरी तो यादीतल्या माणसांनाच न्याय देतो. यादी कोण करतो, हा प्रश्न नियमाच्या आधीचा आहे.

१२/
पुण्यात याचे रूप अधिक स्पष्ट दिसते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचे पाणी नळाने शहरात आले आणि ठिकठिकाणी हौद भरले. स्थापत्य म्हणून ते कौतुकास्पदच. पण हौद ‘सार्वजनिक’ म्हणवला, तरी ज्यांना अस्पृश्य ठरवले होते त्यांना तो सार्वजनिक नव्हता. पाणी शहरात पोहोचले, शहरातल्या प्रत्येकापर्यंत पोहोचले नाही.

१३/
१८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. या घटनेकडे दयाळूपणा म्हणून पाहणे हा तिचा अपमान आहे. हौद खासगी होता. कायद्याने त्यांना कोणी भाग पाडले नव्हते. सार्वजनिक हौद बंद असताना खासगी हौद उघडा करून त्यांनी ‘सार्वजनिक’ या शब्दाचा खोटेपणा उघडा पाडला.

१४/
पुढचा टप्पा कागदाचा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला : सार्वजनिक पैशातून बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर प्रश्न मिटला. तळ्यावर तीन वर्षांत काहीही बदलले नाही.

१५/
२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. जे तळे मुसलमानांना चालत होते, जनावरांनाही चालत होते, ते या माणसांच्या ओंजळीने बाटले म्हणे! परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या पाण्याच्या घागरी ओतून त्याची ‘शुद्धी’ झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला.

१६/
आता दावा कोणी लावला आणि कशाच्या बळावर, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. चवदार तळे सुमारे चार-पाच एकरांचे. भोवती नगरपालिकेचे रस्ते, पलीकडे घरे. काही घरमालकांच्या मालकीच्या काठावरच्या पट्ट्या, घाट, बांध. महाडच्या सवर्ण रहिवाशांचे म्हणणे असे : तळे खासगी आहे, आणि अस्पृश्यांनी त्याला हात लावायचा नाही ही पूर्वापार वहिवाट आहे. १९२७ च्या डिसेंबरात त्यांनी तात्पुरता मनाईहुकूमही मिळवला.

१७/
‘शेजारधर्म’ या शब्दाची कसोटी इथे लागते. हे दावेदार तळ्याचे शेजारीच होते. आपापसांत ते कदाचित पाण्यावरून भांडतही नसतील. त्यांचा शेजारधर्म शाबूत होता. त्या धर्मात शेजारी कोण, एवढेच त्यांनी आधी ठरवून टाकले होते.

१८/
हा खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : तळे नगरपालिकेचे आहे, आणि बहिष्काराची चाल अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आलेले नाही. ‘पूर्वीपासून असेच आहे’ हा दावा पुराव्याच्या कसोटीवर कोसळला. ओंजळभर पाण्याचा हक्क सांगायला ठराव, सत्याग्रह, मार आणि नऊ वर्षांहून अधिक काळाची कोर्टबाजी लागली.

१९/
संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावे घेऊन भेदभावाला मनाई आहे. एखाद्या देशाच्या मूलभूत कायद्यात विहिरीचा स्वतंत्र उल्लेख करावा लागतो, यातच ‘पूर्वी लोक पाणी वाटून घेत’ या वाक्याचे खंडन आहे.

२०/
आता सोसायटीच्या आवारात परत. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाण्याचा आकार सदनिकेतील नळांच्या संख्येवर व आकारावर आहे; उद्वाहनाचा खर्च मात्र सर्वांवर सारखा, तळमजल्यावरच्यावरही. पहिल्या नियमाची धाटणी फडाची आहे : वापराशी जोडलेला भार. दुसऱ्याचीही फडाचीच : सामायिक गोष्ट टिकवण्यात प्रत्येकाचा हात. यावर वाद घालता येतो, घालावाही. पण सभेत, इतिवृत्तात, सर्वांसमोर. कुजबुजीत आणि टोमण्यांत नव्हे.

२१/
आक्षेप येईल : नियमांनी आपुलकी मरते. अनुभव उलटा आहे. पाण्याची पाळी ठरलेली असते, तेव्हा शेजाऱ्याकडे संशयाने पाहावे लागत नाही. बागेतला कोणता कोपरा मुलांचा, कोणता झाडांचा, कोणत्या वेळी कोणाचा, हे लिहून ठेवले की उरलेला वेळ गप्पांसाठी मोकळा राहतो. आपुलकी नियमाच्या आधारावर वाढते. नियमाच्या जागी बसवली की ती बलवानाची सोय होते.

२२/
दुसरा आक्षेप अधिक भक्कम : सोसायटीची बाग खासगी आहे, चवदार तळे नव्हे. कायद्याने हे खरे. पण रोज त्या इमारतीत राबणारी घरकामगार बाई बागेच्या बाकावर बसली तर चालत नाही, सुरक्षारक्षकाला पिण्याच्या पाण्यासाठी विचारावे लागते, अशा ठिकाणी ‘खासगी’ हा शब्द मालमत्तेचे रक्षण करीत नसतो. तो यादी राखत असतो. फुल्यांचा हौदही खासगीच होता.

२३/
शहराच्या पातळीवरही प्रश्न तोच. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की अनधिकृत झोपडीत राहणाऱ्या माणसालाही पिण्याच्या पाण्याचा हक्क आहे, कारण तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे. महाडच्या निकालानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी यादीचा वाद संपलेला नव्हता. निमित्त बदलले होते.

२४/
म्हणून ‘पूर्वीचा शेजारधर्म’ आळवणाऱ्यांना इतिहासाचे उत्तर सरळ आहे. पूर्वज जिथे न्यायाने वागले, तिथे त्यांनी पाटकरी नेमला होता, गाळ काढण्याचे दिवस ठरवले होते, तोटाही वाटून घेतला होता. जिथे सारे वहिवाटीवर आणि चांगुलपणावर सोडले, तिथे कोणाच्या तरी वाट्याला कोरडी घागर आली. पुढच्या सभेत टाकीचा विषय निघेल, तेव्हा आधी नियमांचा कागद मागावा. आणि तो हाती आला की त्यावर कोणाचे नाव नाही, ते शोधावे.