विश्लेषण : कंपनीचे कर्ज किती वर्षांच्या कमाईएवढे?

शेअरचा भाव दहा रुपयांच्या आसपास, ग्राहक कोट्यवधी आणि नाव घराघरांत पोहोचलेले. एवढ्यावर भुलून शेअर घेणारे अनेक असतात. बँका मात्र आधी पाहतात ते कर्ज आणि कमाईचे गुणोत्तर. छोट्या गुंतवणूकदारानेही तीच सवय लावून घ्यायला हवी.

हे गुणोत्तर कसे काढतात?

एकूण कर्जाला वर्षभराच्या ‘एबिटडा’ने भागायचे. एबिटडा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीची कमाई. कर्ज ३०० कोटी आणि एबिटडा १०० कोटी असेल, तर गुणोत्तर ३. म्हणजे सगळी कमाई कर्जफेडीला लावली तरी तीन वर्षे लागतील.

किती असल्यास धोका?

सर्व उद्योगांना एकच मोजपट्टी लागू होत नाही. खात्रीचे, दीर्घकाळ उत्पन्न असेल तर जास्त कर्ज पेलते. मागणी व भाव सतत खाली-वर होत असतील तर कमी. करोनाकाळात कर्ज पुनर्रचनेसाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या के. व्ही. कामत समितीने २०२० मध्ये २६ क्षेत्रांसाठी पाच गुणोत्तरांच्या वेगवेगळ्या मर्यादा सुचवल्या. त्यांत हेही गुणोत्तर होते. अमेरिकी नियामकांनी २०१३ मध्ये बहुतेक उद्योगांसाठी सहापटीपलीकडचे कर्ज चिंताजनक ठरवले होते.

व्होडाफोन आयडियाचे काय झाले?

मार्च २०२४ अखेर ध्वनिलहरी आणि ‘एजीआर’पोटी सरकारचेच देणे दोन लाख कोटी रुपयांहून अधिक होते. वर्षाचा एबिटडा सुमारे १७ हजार कोटी. म्हणजे जवळपास १२ पट. त्यातून टॉवर वगैरेंचे भाडे वजा केल्यास कमाई साधारण निम्मी उरते आणि गुणोत्तर थेट दुप्पट होते. म्हणूनच कंपनी ‘कमाई’ कशाला म्हणते, हे तपासावे लागते.

भागधारकाला झळ कशी बसते?

न फिटणाऱ्या देण्याचे रूपांतर शेअरमध्ये होते. २०२३ मध्ये १६,१३३ कोटी आणि २०२५ मध्ये ३६,९५० कोटी रुपयांच्या देण्यापोटी सरकारला शेअर मिळाले. सरकारचा हिस्सा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला. कंपनी तगली, पण जुन्या भागधारकांचा वाटा आकसला.

मग काय पाहावे?

एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नये. पाच वर्षांचा कल आणि त्याच क्षेत्रातील इतर कंपन्यांशी तुलना महत्त्वाची. कर्जाचे हप्ते कधी येणार, हे या गुणोत्तरातून कळत नाही; त्यासाठी वार्षिक अहवालातील टिपा वाचाव्यात. कंपन्यांनीही तिमाही निकालांत नफ्याच्या आकड्याशेजारीच हे गुणोत्तर ठळकपणे द्यायला हवे. भाव स्वस्त आहे की कंपनी कर्जात बुडते आहे, हे सामान्य गुंतवणूकदाराला पैसे गुंतवण्याआधी कळले पाहिजे.