सिगार, व्हिस्की आणि वाचक

उंची सिगार कोणत्या व्हिस्कीबरोबर ओढावी, याचे आता एक शास्त्रच झाले आहे. स्कॉटलंडमधील आयला बेटाची, पीटच्या धुराचा वास असलेली व्हिस्की कडक सिगारला शोभते, असे ते सांगते. शोभतही असेल, पण ही जोडी गिऱ्हाइकाने जमवलेली आहे. क्यूबाचे स्वतःचे मद्य रम.

सिगारची खरी जोडी आम्हाला तिच्या जन्मस्थळी दिसते. पिनार देल रिओ प्रांतातील वुएल्ता आबाहोच्या लालसर मातीत तंबाखू पिकते. वेष्टनाचे पान कापडाच्या सावलीत वाढवतात. वाळवून, आंबवून ते हवानाच्या कारखान्यांत हाताने वळले जाते. तेथे १८६५ साली कामगारांना काम करताना वाचून दाखवण्याची प्रथा सुरू झाली. वाचणाऱ्याचा मोबदला कामगार आपल्या मजुरीतून देत. १८६६ साली स्पॅनिश सत्तेने त्यावर बंदी घातली. प्रथा मात्र पुन्हा उभी राहिली. १९३५ साली निघालेल्या ‘मोंतेक्रिस्तो’ सिगारला नाव मिळाले ते द्यूमाच्या कादंबरीवरून.

साहित्याच्या वर्गात ‘वाचक’ म्हटले की एकांतात पुस्तक घेऊन बसलेला फुरसतीचा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. येथे मात्र, ज्यांतील अनेकांना अक्षरओळखही नव्हती असे श्रोते, हात कामात गुंतलेले असताना, पदरमोड करून कादंबरी ऐकत होते. आस्वादाच्या इतिहासात त्यांना जागा नसेल, तर तो केवळ पेला हाती धरणाऱ्यांचा इतिहास आहे, असेच आम्ही म्हणू.