आरोग्याची वाट : चिठ्ठीवरचा 'ओडी' – उजवा डोळा की दिवसातून एकदा?

डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर थेंबांच्या नावापुढे 'ओडी', 'ओएस', 'ओयू' अशी इंग्रजी अक्षरं असतात. मेडिकलवाला बाटली देतो, घाईत काहीतरी सांगतो आणि आपण घरी येतो. पुढे दादीच्या डोळ्यांत थेंब टाकायचं काम सुनेकडे किंवा शाळकरी नातवाकडे येतं. म्हणून या अक्षरांचा अर्थ घरातल्या सगळ्यांना माहीत हवा.

ही अक्षरं लॅटिन भाषेतली आहेत. 'ऑक्युलस' म्हणजे डोळा, 'डेक्स्टर' म्हणजे उजवा, 'सिनिस्टर' म्हणजे डावा.

ओडी – उजवा डोळा
ओएस – डावा डोळा
ओयू – दोन्ही डोळे
बीडी – दिवसातून दोनदा
टीडीएस – तीनदा
क्यूआयडी – चारदा
एचएस – झोपताना
एसओएस – गरज पडली तरच

काही डॉक्टर उजव्या-डाव्यासाठी सरळ 'आरई' आणि 'एलई' लिहितात.

खरी गोम 'ओडी'त आहे. चष्म्याच्या नंबरात 'ओडी' म्हणजे उजवा डोळा. पण बीपीच्या गोळीपुढे 'ओडी' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ दिवसातून एकदा. थेंबांच्या चिठ्ठीवर दोन्ही अर्थ संभवतात. समजा, काचबिंदूचे थेंब दोन्ही डोळ्यांत रोज एकदा टाकायचे आहेत आणि घरच्यांनी 'ओडी' म्हणजे फक्त उजवा डोळा असं धरलं, तर डावा डोळा औषधाविना राहील. काचबिंदू बहुधा दुखत नाही, त्यामुळे चूक लवकर कळतही नाही, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही.

कानाच्या औषधासाठी 'एडी', 'एएस' आणि 'एयू' लिहितात. घाईच्या अक्षरात 'ए'चा 'ओ' व्हायला वेळ लागत नाही, आणि कानाचे थेंब डोळ्यात गेले तर इजा होऊ शकते. औषधांतल्या चुका टाळण्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या 'आयएसएमपी' या संस्थेनं ही सारी अक्षरं धोक्याच्या यादीत घातली आहेत. आपल्याकडेही 2016 साली मेडिकल कौन्सिलनं औषधाचं नाव स्वच्छ, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असा नियम केला.

तेव्हा दवाखान्यातून उठण्याआधी तीन गोष्टी विचारा : कोणत्या डोळ्यात? दिवसातून किती वेळा? किती दिवस? उत्तर तिथंच खोक्यावर मराठीत किंवा उर्दूत लिहून घ्या. दादीला वाचता येत नसेल तर एका बाटलीला रंगीत दोरा बांधा. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. शंका आली तर अंदाज करू नका, दवाखान्यात फोन करा. डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला? डोळे आपले आहेत.