स्वातंत्र्य आले, जमिनीचे काय?

१२ डिसेंबर ही तारीख आंबेगाव तालुक्याच्या स्मरणात आहे ती हुतात्मा बाबू गेनू यांच्यामुळे. म्हाळुंगे पडवळचा हा तरुण गिरणी कामगार १९३० साली याच दिवशी मुंबईत विदेशी कापडाचा ट्रक अडवताना चिरडला गेला. तेहेतीस वर्षांनी, १९६३ मध्ये, याच तारखेला पूर्व आफ्रिकेतील केनिया ब्रिटिशांच्या अमलातून मुक्त झाला. तारखा जुळल्या हा योगायोग. पण दोन्ही प्रदेशांतील असंतोषाचे मूळही एकच होते. ते जमिनीत होते.

जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ पट्ट्यात ही ठिणगी बाबू गेनूंच्या कितीतरी आधी पडली होती. जांभोरीच्या होन्या केंगले यांनी १८७० च्या दशकात महादेव कोळ्यांना संघटित करून सावकारांविरुद्ध बंड पुकारले. सरकारने त्यांच्यावर एक हजार रुपयांचे इनाम लावले. तरीही १८७६ पर्यंत ते हाती लागले नाहीत. रोख साऱ्याचा तगादा, कर्जाचे कागद आणि त्यांमागे उभे असलेले न्यायालय या साखळीत आदिवासींची शेते गेली. १८७८ च्या वन कायद्याने पुढे रानावरील त्यांचा हक्कही आक्रसला.

केनियात गोऱ्या वसाहतवाल्यांनी सुपीक पठारे बळकावली. त्यातून माऊ माऊ उठाव पेटला. ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि १९५७ मध्ये देदान किमाथी फासावर गेले. स्वातंत्र्यानंतर मात्र गोऱ्यांची जमीन मोबदला देऊन घेतली गेली. ती विकत घेण्याची ऐपत नसलेले अनेक लढवय्ये भूमिहीनच राहिले. माऊ माऊवरील बंदी उठण्यास २००३ साल उजाडले. ब्रिटनने ५,२२८ पीडितांना भरपाई मान्य केली, तीही २०१३ मध्ये.

आपल्याकडील चित्र फार वेगळे आहे काय? घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाला बाबू गेनूंचेच नाव आहे. त्या पाण्याने पूर्वेकडील शेती बागायती झाली. पाण्याखाली गेली ती प्रामुख्याने आदिवासींची गावे. वनहक्क कायदा आला तो २००६ मध्ये, स्वातंत्र्यानंतर एकोणसाठ वर्षांनी.

हुतात्म्याचे नाव जलाशयाला देणे सोपे असते. त्याच्या डोंगरातील माणसाला सातबाऱ्यावर स्थान देणे, ही खरी कसोटी आहे.