भिंत द्या, मृगाआधी द्या

युसूफ वडगावकरांनो आणि केज तालुक्यातल्या शेजारच्या गावांनो,

मृग तोंडावर आला आहे. एकदा झड लागली की गिलावा वाळत नाही आणि ओल्या भिंतीवर रंग धरत नाही. म्हणून आजच मागतो आहे : गावातली रस्त्याकडेची एक मोठी भिंत ‘इमरोज’ या दैनिकासाठी द्या. २२ ऑगस्टच्या आत ती रंगून झाली पाहिजे.

‘इमरोज’ हैदराबादेत उर्दूत निघायचे. नावाचा अर्थ ‘आज’. संपादक शोएबुल्ला खान. निजामाचे संस्थान भारतात विलीन झाले पाहिजे, हे ते निजामाच्याच राजधानीत बसून, निजामाच्या बाजूने लढणारे रझाकार ऐन भरात असताना छापत होते. धमक्या आल्या, लेखणी थांबली नाही. २१-२२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कचेरीतून घरी परतताना त्यांना गाठून मारले आणि हात तोडला. वय २७. त्यानंतर २६ दिवसांनी, १७ सप्टेंबरला, निजाम शरण आला.

रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, आपल्या शेजारचाच. त्याचे नाव इथे अजून शिवीसारखे घेतात. ज्याने त्याच्या दहशतीविरुद्ध लिहिले आणि जीव गमावला, त्याचे नाव मात्र आपल्या पोरांना माहीत नाही. याची मला लाज वाटते. रझाकारांचा विषय निघाला की काहीजण अख्ख्या मुस्लिम समाजाकडे बोट दाखवतात, तेव्हा तर शोएबुल्लांचे नाव हटकून आठवते. आपल्या गावाच्या नावात पहिला शब्द युसूफ आहे. ही भिंत इथे नाही तर कुठे उभी राहायची?

भिंतीवर तोडलेला हात काढू नये. लिहिणारा हात काढावा, एका बाजूला उर्दूत ‘इमरोज’ आणि दुसऱ्या बाजूला मराठीत ‘मराठवाडा’. आ. कृ. वाघमारे यांच्या या साप्ताहिकावर निजाम सरकारने बंदी घातली, तरी ते नावे बदलून पुन्हा निघत राहिले. दोन्ही पत्रे एकाच लढ्यातली आहेत, एकाच भिंतीवर शोभतील. फ्लेक्स नको, तो एका पावसाळ्यात फाटतो. कुठल्याही पुढाऱ्याचा फोटोही नको.

पाट्या रंगवणाऱ्या पेंटरभावांनी हात लावावा. उर्दू शिकवणाऱ्या गुरुजींनी ती वळणदार अक्षरे आधी कागदावर काढून द्यावीत, चूक राहायला नको. कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत त्या काळातला एखादा अंक असेल तर वाळवी लागण्याआधी बाहेर काढा. आम्ही फोटो घेऊन परत देऊ. घरात १९४८ आठवणारे आजी-आजोबा असतील, तर त्यांचे बोलणे आजच मोबाईलवर रेकॉर्ड करा. ती माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत.

येत्या रविवारी सकाळी ग्रामपंचायतीसमोर जमू. सरपंच आणि सदस्यांनीही यावे. भिंत ठरवूनच उठू.