काडी न लावता लागणारी आग

सणावारापूर्वी दारे-खिडक्यांना पॉलिश करून घ्यायचे ठरते. सुतार दिवसभर जवसाचे तेल चोळतो आणि संध्याकाळी तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून घरी जातो. घरातली माणसे थिनरचा डबा आठवणीने गॅसपासून दूर ठेवतात. बोळ्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. आगपेटीशिवाय पेटू शकतो तो मात्र हा बोळाच!

जवसाचे तेल वाळते म्हणजे पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. दारावरच्या पातळ थरातली उष्णता हवेत विरते. बोळ्यात ती कोंडते. ऊब वाढली की क्रियेचा वेग वाढतो, वेग वाढला की ऊब आणखी वाढते. काही तासांत, म्हणजे नेमके सगळे झोपल्यावर, धूर निघू लागतो.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अडतीस मजली 'वन मेरिडियन प्लाझा' इमारतीला आग लागली, ती बाविसाव्या मजल्यावर लाकडाच्या पॉलिशनंतर ठेवलेल्या अशाच चिंध्यांमुळे. आग अठरा तासांहून अधिक काळ धुमसली, अग्निशामक दलाचे तीन जवान प्राणास मुकले. तिसाव्या मजल्यावर पाण्याचे स्वयंचलित फवारे होते, तिथे ती थांबली.

उपाय अगदी स्वस्त आहे. काम संपले की प्रत्येक चिंधी उलगडून बाहेर दोरीवर वेगवेगळी वाळत घाला. पापडासारखी कडक झाली की मग टाकून द्या. तेवढी जागा नसेल, तर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. चिरंजीव बॅटला तेल लावत असतील, तर त्यांचे फडके किटबॅगेत कोंबलेले नाही ना, तेही पाहा.

शेतावरच्या गंजीत आग लागते तीही अशी कोंडलेल्या उष्णतेमुळेच. फक्त सुरुवात तेलाने नव्हे, ओलीने होते. गवत पुरते वाळण्याआधी रचले, की सूक्ष्मजीव कामाला लागून आतले तापमान सत्तर अंशांपर्यंत नेतात. पुढे ते स्वतःच मरतात, पण तोवर सुरू झालेल्या रासायनिक क्रिया गंजी तापवतच राहतात. हे दोन ते सहा आठवडे गुपचूप चालते. त्यामुळे शेजाऱ्याने वैर काढले अशी शंका आधी येते आणि भांडणे होतात ती वेगळीच.

गंजीतून करपलेल्या साखरेसारखा वास आला, वाफ दिसली किंवा माथा मध्येच खचला, तर लोखंडी पहार आत खुपसून थोड्या वेळाने काढून पाहा. हातात धरवत नसेल, तर अग्निशामक दलाला बोलवा. ते येण्याआधी गंजी उसकटू नका. आत वारा शिरताच भडका उडतो. आणि वर तर मुळीच चढू नका, कारण आतून जळून ती पोकळ झालेली असू शकते.